संहिता, स्मरण आणि स्वर : रॉक बँड व चेंबर ऑर्केस्ट्रा यांच्या सहवादनाचा सातारा-सांगलीच्या संगीतपरंपरेच्या संदर्भात विचार

प्रास्ताविक

विद्यापीठीय युवा महोत्सवांतील ‘लोकवाद्यवृंद’ हा स्पर्धाप्रकार सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांना चांगला परिचित आहे. हलगी, संबळ, ढोलकी, तुणतुणे, पेटी ही वाद्ये एकत्र येतात. बहुतेक वादकांसमोर कागद नसतो आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही. परंतु अशा संचात स्टाफ नोटेशन वाचून व्हायोलिन शिकलेला एखादा विद्यार्थी दाखल झाला की तालमीच्या पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहतो : कोणी कोणाच्या मागे जायचे? पाश्चात्त्य देशांत रॉक बँड व ऑर्केस्ट्रा एका रंगमंचावर आले तेव्हा हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात त्या सहवादनाची कार्यपद्धती स्पष्ट करून तिचा या परिसरातील सांगीतिक अनुभवाशी असलेला संबंध तपासला आहे.

दोन संस्थांचे स्वरूप

चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे लहान सभागृहासाठी योजलेला, साधारणतः पंधरा ते चाळीस वादकांचा संच. सिम्फनी ऑर्केस्ट्रात हीच संख्या ऐंशी ते शंभरापर्यंत जाते. प्रत्येक वादकासमोर स्वतंत्र लिखित भाग असतो आणि संचालकाच्या हातातील छडीनुसार लय चालते. रॉक बँड चार-पाच जणांचा असतो. ‘इंडी’ हे विशेषण मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांपासून स्वतंत्र राहणाऱ्या बँडला लावले जाते. त्याचे संगीत स्मरणावर व तालमीवर उभे असते आणि लयीचा ताबा ड्रमवादकाकडे असतो. एकाची सत्ता संहितेत, तर दुसऱ्याची स्मरणात. सहवादनातील जवळजवळ सर्व अडचणी या भेदातून निर्माण होतात.

याचे बोलके उदाहरण ‘डीप पर्पल’ या इंग्लिश बँडचे आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या बँडने रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासह जॉन लॉर्ड यांची ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ ही तीन भागांची रचना सादर केली. संचालक माल्कम अर्नोल्ड होते. पुढे १९७० मध्ये रचनेची लिखित प्रतच हरवली. बँडचे वादक तेच, वाद्ये तीच; तरीही रचना वाजविता येईना, कारण ऑर्केस्ट्राला कागदावाचून बोलता येत नाही. अखेर मार्को द ग्यू या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण ऐकून व चित्रफीत पाहून प्रत पुन्हा सिद्ध केली आणि १९९९ मध्ये ती त्याच सभागृहात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह वाजली. संहिता नष्ट झाली तेव्हा तिला कानांनी वाचविले, ही बाब मौखिक परंपरेच्या अभ्यासकांनी नोंद घ्यावी अशी आहे. त्याच वर्षी ‘मेटॅलिका’ या अमेरिकन बँडने सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर केलेले कार्यक्रम अधिक गाजले. तेथे मायकेल केमन यांनी बँडच्या तयार गाण्यांवर ऑर्केस्ट्राचे भाग लिहिले होते.

लय आणि ध्वनी

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. रंगमंचाच्या एका टोकाचा ड्रमचा आघात पंधरा मीटरवरील व्हायोलिनवादकास सुमारे ४४ सहस्रांश सेकंद उशिरा ऐकू येतो. जलद लयीत हे अंतर जाणवते. म्हणून ऑर्केस्ट्राचा वादक कानावर विसंबण्याऐवजी छडीवर नजर ठेवतो. बँडचा वादक मात्र कानानेच चालतो. दोघांची सांगड घालण्यासाठी पुष्कळदा संचालकाच्या व ड्रमवादकाच्या कानात ठोक्यांची यांत्रिक पट्टी, म्हणजे ‘क्लिक ट्रॅक’, दिली जाते. लय जुळते खरी. पण ती श्वासाप्रमाणे किंचित पुढेमागे होण्याची मुभा संपते. प्रवर्धित गिटारसमोर तंतुवाद्यांचे हळुवार स्वर बुडू नयेत म्हणून त्यांना स्वतंत्र ध्वनिग्राहक लावतात व ड्रमभोवती पारदर्शक पडदा उभारतात.

‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे सिम्फनी ऑर्केस्ट्राचे ध्वनिमुद्रण केले. स्टुडिओत मराठी ठेका व परकीय तंतुवाद्ये वेगवेगळ्या वेळी मुद्रित करून जुळविता येतात. प्रत्यक्ष रंगमंचावर ही सोय नाही, आणि खरी कसोटी तेथेच लागते.

स्वराचा प्रश्न

लयीपेक्षा अवघड बाब स्वराची आहे. ऑर्केस्ट्रा ओबो या वाद्याच्या एका ठरावीक स्वरावर जुळतो. सामान्यतः त्याची कंपनसंख्या सेकंदाला ४४० मानतात. आपल्याकडे षड्ज गायकाचा असतो. मिरजेचा तानपुरा गायकाच्या पट्टीत लावला जातो आणि जवारीतून उमटणारे उपस्वर त्याला आधार देतात. (मिरजेच्या सतार व तानपुऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.) सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानाचे दरबारगायक अंतूबुवा जोशी यांचे पुत्र गजाननबुवा जोशी व्हायोलिन वाजवीत. हिंदुस्थानी पद्धतीत व्हायोलिनच्या तारा षड्ज-पंचमात लावून ते मांडी घालून, गळ्यामागे जाण्यासाठी वाजविले जाते. वाद्य एकच, परंतु ऑर्केस्ट्रात त्याचे काम लिखित स्वर गाठण्याचे आणि औंधात मींड पकडण्याचे.

हा पेच सोडविण्याचा एक धाडसी प्रयत्न याच भूमीत झाला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. प्रयोगांसाठी त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे सहकार्य लाभले. इंग्रज सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स हेही या विचाराने भारले गेले. त्यातून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६ मधील बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर बराच खल झाला, मात्र जाणकारांचे समाधान झाले नाही. गवई श्रुती रागाच्या चलनातून घेतो. तिला पट्टीवर कायमचे घर देणे त्याला मान्य होणे कठीणच होते. देवलांचे परिश्रम तरीही उपेक्षणीय नाहीत. दोन स्वरव्यवस्थांमधील अंतर मोजण्याचे कष्ट तरी त्यांनी घेतले. आजच्या ‘फ्यूजन’ कार्यक्रमांत तेवढेही घडतेच असे नाही.

याउलट, संगीत रंगभूमीने मोजमाप न करता मार्ग काढला. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गायनाला ऑर्गन, सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला अशी साथ लाभली. ऑर्गनचे स्वर स्थिर, तर सारंगी गळ्याबरोबर वळणारी. ऑर्गनने भरणा द्यावा, सारंगीने बारकावे सांभाळावेत, ही कामाची वाटणी प्रयोगांतून ठरत गेली.

अशीच वाटणी झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ या तबला व ऑर्केस्ट्राच्या रचनेत जाणीवपूर्वक केली. ती २०१५ मध्ये मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने प्रथम सादर केली. ऑर्केस्ट्राचे भाग लिखित, तर तबल्याला उपजेसाठी मोकळी जागा. आणि ती जागा कोठे सुरू होते व कोठे संपते हे दोन्ही पक्षांना ठाऊक.

महाविद्यालयीन पातळीवर यातून निघणारी गोष्ट साधी, पण दुर्लक्षित आहे. मिश्र संचासाठी रचना लिहिली जाते तेव्हा वाचणाऱ्यांचे भाग आधी लिहिले जातात आणि हलगीवाल्याला ‘तू मागून ठेका धर’ असे सांगितले जाते. वस्तुतः लयीचा पाया त्याच्याकडे असतो. हलगीचे आवर्तन प्रथम मुद्रित करून त्यावरून व्हायोलिनचे भाग लिहिणे शक्य आहे. त्यासाठी दोन-तीन तालमी जास्त लागतात आणि एका अशा शिक्षकाची गरज भासते, ज्याला नोटेशन वाचता येते व संबळाचे बोलही म्हणता येतात.