येझदीचे सुटे भाग : जुना माल कोणता, नवा कोणता?

मैंदर्गीहून अक्कलकोट, दुधनी आणि पलीकडे कर्नाटकातल्या बाजारांना कापडाचे गठ्ठे बांधून जाणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांना येझदीची ओळख करून द्यायला नको. सिलेंडर एक, सायलेन्सर दोन, आणि किकचा दांडा तोच गिअरचा. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून आधी जावा आणि पुढे येझदी या नावाने ही २५० सीसीची गाडी बनवली. लांब पल्ल्याला चालणारे तिचे रोडकिंग मॉडेल विशेष नावाजले. १९९६ साली कारखाना बंद पडला.

आता लोक वडिलांची गाडी गोदामातून बाहेर काढतात आणि विचारतात, "भाई, पार्ट मिळतात का?" मिळतात. पण कोणता भाग जुना घ्यावा आणि कोणता नवा, हे कळले नाही तर पैसा पाण्यात जातो.

२०२२ पासून येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले आहे. मात्र त्या गाडीचे इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे. जुने टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारे. एकाचा माल दुसऱ्याला बसत नाही, म्हणून नव्या शोरूमला चकरा मारू नयेत. शोध घ्यायचा तो पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईच्या चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारात, बंगळूरच्या जे. सी. रोडवर, किंवा ज्यांच्याकडे पूर्वी एजन्सी होती त्यांच्या माळ्यावर. तिथे कारखान्याचा पडून राहिलेला माल मिळतो, मोडीत निघालेल्या गाडीचा मिळतो आणि छोट्या वर्कशॉपमध्ये नव्याने बनवलेलाही मिळतो. तिन्ही माल एकाच काउंटरवर असतात आणि तिन्हींना 'ओरिजिनल' म्हणतात. थानावर मिलचा छाप आहे म्हणून आतला कपडा मिलचाच असतो असे नाही, हे आपल्या धंद्यात कोणाला शिकवायला नको.

मी स्वतः एकदा फसलो. एका दुकानदाराने कंपनीच्या जुन्या डबीतले ऑइल सील दाखवले. डबी खरी, सीलही खरे. तिप्पट दाम देऊन घेतले. महिनाभरात गाडी भर रस्त्यात, कपड्याच्या गठ्ठ्यासकट, जाम झाली. मिस्त्रीने इंजिन खोलले तेव्हा सीलचे रबर लाकडासारखे कडक झालेले. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये दाबले जाते. सील फटीला घट्ट बसले नाही तर बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोलचे प्रमाण घटते, पिस्टन तापतो आणि सिलेंडरला धरून बसतो. एका छोट्या सीलने पिस्टन, रिंगा आणि बोअर तिन्ही खाल्ले. तेव्हापासून माझा हिशेब असा की गिअर, क्रँक, हब असा लोखंडी माल जुना मिळाला तर सोने समजावे. सील, रबरी नळ्या, पॅकिंग मात्र आजचेच घ्यावे. सीलवर तीन आकडे असतात: आतले माप, बाहेरचे माप आणि जाडी. ते जुळले की नाव काही का असेना.

बेअरिंगचेही तसेच. 'येझदीची बेअरिंग' मागितली की भाव चढतो. जुन्या बेअरिंगवरचा नंबर पुसून पाहा. ६३०५ असेल तर ती जगात कुठेही आत २५, बाहेर ६२ आणि जाडीला १७ मिलिमीटरच असते. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असले तर त्यांना ५ ने गुणावे, आतले भोक कळते. नंबरापुढे सी३ असे लिहिले असेल तर तेही जसेच्या तसे मागावे, कारण तापणाऱ्या क्रँकला ती जास्तीची ढिलाई लागते. सोलापुरात यंत्रमागाची बेअरिंग विकणाऱ्या दुकानातही ती मिळू शकते.

पिस्टनच्या बाबतीत घाई नडते. पुष्कळ जण आधी सिलेंडर बोअर करून घेतात, मग त्या मापाचा पिस्टन शोधत फिरतात. ओव्हरसाइज पिस्टन साधारण पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात आणि प्रत्येक माप बाजारात असतेच असे नाही. आधी पिस्टन हातात घ्यावा, मग तो घेऊन बोअरिंगवाल्याकडे जावे.

भंगारातून इंजिनाचे कवच घेताना नंबर पाहावा. इंजिन नंबर त्याच्यावरच असतो. पक्की पावती नसेल तर माल कितीही स्वस्त असो, हात लावू नये. इंजिन बदलले तर आरसी बुकात नोंद लागते. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी गाडीची नोंदणी नवी करावी लागते, तेव्हा हे सगळे उघडे पडते.

जे कुठेच मिळत नाही ते आपल्या लेथवाल्याकडे. कनेक्टिंग रॉडचा वरचा बुश, स्पेसर, फूटरेस्टच्या खिळी हे चांगला टर्नर नमुन्यावरून उतरवून देतो. बुशाला फॉस्फर ब्राँझ सांगावे, पितळ नव्हे. गिअर किंवा पिस्टन पिन मात्र लेथवर करून घेऊ नये. त्यांना वरून कडक करण्यासाठी भट्टीचे काम लागते, ते ज्याच्याकडे आहे त्यालाच द्यावे. आणि टर्नर भाईंनी एक करावे: एका बुशाचे काम आले की चार काढावेत, मापे वहीत लिहून ठेवावीत. ही गाडी आपल्या भागात अजून पुष्कळ घरांत झाकून ठेवलेली आहे.