बडोद्याचा विद्यार्थी आणि त्याचे मूकपट



भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी आपल्या बडोद्यातील कलाभवनात शिक्षण घेतले, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आज संपूर्ण मिळत नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई आणि नीट न ठेवल्यास कुजून जाई. शिवाय बोलपट आल्यावर मूकपट सांभाळतो कोण!

त्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) मात्र बराचसा वाचला आहे, तो मुलांबरोबर जरूर पाहा. आरंभी फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते आणि मग पाहता पाहता कृष्ण होते. मला तर पुढच्या कथेपेक्षा हाच भाग जास्त आवडतो. मूकपटाला भाषेची अडचण नसते. घरी मराठी, बाहेर गुजराती बोलणाऱ्या आपल्या मुलांना (आणि माझ्यासारख्या हिंदी माध्यमात शिकलेल्यांनाही) हे सोयीचेच.

हरवलेले चित्रपट कुठे सापडतील, सांगता येत नाही. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या जर्मन मूकपटाचा सुमारे २५ मिनिटांचा गहाळ भाग २००८ साली थेट अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात मिळाला. आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हे जतनाचे काम करत आले आहे. तेव्हा पालक आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती : जुन्या घराच्या माळ्यावर फिल्मचे गोल डबे आढळले तर भंगारात देऊ नका. विस्तवापासून दूर ठेवा आणि शाळेला कळवा.