निरोगी मांजरांना कोरोनाविषाणू आणि एफआयपीपासून कसे जपावे?

घरातले एक मांजर एफआयपीने गेले की उरलेल्या मांजरांची काळजी वाटणे साहजिक आहे. हा आजार पूर्णपणे टाळण्याचा खात्रीचा उपाय नाही. पण धोका कमी करणे तुमच्या हातात आहे.

आजार कसा होतो?

मांजरांचा कोरोनाविषाणू कोविड-१९ च्या विषाणूपेक्षा वेगळा आहे आणि तो माणसांना होत नाही. तो मांजराच्या आतड्यात राहतो व विष्ठेतून पसरतो. बहुतेक मांजरांना काहीच त्रास होत नाही. काहींना थोडे दिवस जुलाब होतात. मोजक्याच मांजरांच्या शरीरात विषाणूत बदल होऊन एफआयपी, म्हणजे संसर्गजन्य पेरिटोनायटिस होतो. २ वर्षांखालील मांजरांना धोका अधिक असतो. बदललेला विषाणू सहसा दुसऱ्या मांजराला लागत नाही.

काय काळजी घ्याल?

- मांजरांच्या संख्येपेक्षा एक लिटर ट्रे जास्त ठेवा. विष्ठा रोज काढा, ट्रे नियमित धुवा.
- खाण्या-पिण्याची भांडी ट्रेपासून लांब ठेवा.
- विषाणू कोरड्या जागी ७ आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, पण साबणाने व पातळ केलेल्या ब्लीचने नष्ट होतो. ब्लीचनंतर ट्रे पाण्याने नीट धुवून वाळवा. फिनेल वापरू नका. ते मांजरांना विषारी असते.
- मांजरांची गर्दी टाळा. एका गटात ३-४ पेक्षा जास्त मांजरे नसावीत.
- ताण कमी ठेवा. पिल्लू नव्या घरी आल्या आल्या लगेच नसबंदी करू नका. आधी त्याला रुळू द्या.
- एफआयपीने मांजर गेले असेल तर नवे मांजर आणण्यापूर्वी किमान २ महिने थांबा.

चाचणी आणि लस

रक्तात प्रतिपिंडे आढळली म्हणजे एफआयपी झाला असे नाही; विषाणूशी कधीतरी संपर्क आला, एवढाच त्याचा अर्थ. केवळ अशा अहवालावरून निरोगी मांजर सोडून देऊ नका. काही देशांत नाकात टाकायची लस मिळते, पण तिची सरसकट शिफारस केली जात नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

प्रतिजैविकांनीही न उतरणारा ताप, वजन घटणे, पोट फुगणे, कावीळ, धाप लागणे किंवा डोळ्यांत बदल दिसल्यास पशुवैद्यांकडे लगेच जा. पूर्वी हा आजार जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरत असे. आता जीएस-४४१५२४ आणि रेमडेसिव्हिर या विषाणुरोधक औषधांनी अनेक मांजरे बरी होतात. म्हणून वेळ दवडू नका.