कण्यातला स्क्रू आणि सराफ्यातला हात

इंदूरहून मावशीचा फोन आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. "काकांच्या कण्यात स्क्रू घालायचे म्हणतात," एवढे सांगून ती रडायलाच लागली. फोन ठेवून मी सासूबाईंना ही बातमी सांगितली. सासूबाई धारवाडच्या. हातातली शेंगांची परडी बाजूला सारून त्यांनी विचारले, "मूळेगे मोळे?"

कन्नड जाणणाऱ्या वाचकांना यातली गंमत लगेच कळेल. मूळे म्हणजे हाड आणि मोळे म्हणजे खिळा. एका स्वराचा काय तो फरक. हाडाला खिळा! पण त्या रात्री घरात कोणालाच हसू आले नाही. पाठीचे ऑपरेशन झाले की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या गल्लीतही असे एक उदाहरण सगळेजण सांगतात. प्रत्यक्ष पाहिलेले मात्र कोणी नाही.

दिवाळीची सुट्टी होतीच. पुण्यात गाडी बदलून मी इंदूर गाठले.

ओट्यावरून ओट्यावर

इंदूरचा सराफा राजवाड्यापासून अगदी जवळ आहे. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकाने चालतात. रात्री ती बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे, ताटलीएवढी जलेबी. होळकरांच्या काळापासून इथे मराठी घरे आहेत आणि काकांचे घर त्यांपैकीच एक. सराफ्याच्या एका बोळात मांडी घालून, मान आणि पाठ वाकवून त्यांनी पंचेचाळीस वर्षे दागिने घडवले.

गेली दोन वर्षे त्यांना चालवत नव्हते. शंभर पावले टाकली की मांड्या आणि पोटऱ्या भरून यायच्या, पाय बधिर व्हायचे. ओट्यावर जरा बसले की बरे वाटायचे आणि पुन्हा शंभर पावले. घर ते दुकान दहा मिनिटांची वाट, पण तीन ओटे घेत जावे लागे. नवल म्हणजे सायकल मात्र ते मजेत चालवत. घरच्यांना वाटायचे, काका चालायचा कंटाळा करतात.

डॉक्टरांनी याचा उलगडा केला. काकांचा कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता. त्यामुळे मधल्या नळीतून जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब येत होता. ताठ उभे राहिले की ती नळी आणखी अरुंद होते, पुढे वाकले की थोडी मोकळी होते. सायकलवर माणूस पुढे वाकलेलाच असतो. त्यात कंटाळ्याचा प्रश्नच नव्हता.

औषधे झाली, सहा महिने व्यायाम झाला. आता उजव्या पावलातली ताकदही कमी होऊ लागली होती. नसांवरचा दाब काढायचा आणि सरकलेला मणका चार स्क्रू, दोन सळ्या घालून स्थिर करायचा, असा डॉक्टरांचा सल्ला होता. मावशीचा ठाम नकार, मुलाचा होकार आणि काका गप्प. दुसऱ्या एका सर्जनचे मत घेतले. तेही हेच म्हणाले. तेव्हा काका पहिल्यांदा बोलले, "आधी अवजारं दाखवा. मग सही करतो."

आर, सळई आणि आटे

मला वाटले, डॉक्टर चिडतील. ते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मणक्याचा प्लास्टिकचा सांगाडा आणि नमुन्याच्या अवजारांचा एक ट्रे टेबलावर मांडला. काकांनी चष्मा पुसला आणि एकेक वस्तू हातात घेऊन पाहू लागले.

मणक्याचा पुढचा भाग गोल ठोकळ्यासारखा असतो, मागचा कमानीसारखा. या दोघांना जोडणारे हाडाचे दोन आखूड खांब असतात, त्यांना पेडिकल म्हणतात. स्क्रू मागून या खांबातून पुढच्या ठोकळ्यात जातो. खांब बाहेरून टणक आणि आतून जाळीदार, पोकळसर. कमरेच्या वरच्या मणक्यांत त्याची रुंदी सात-आठ मिलिमीटरच्या आसपास, खाली वाढत जाते. छातीच्या मधल्या मणक्यांत तो त्याहूनही बारीक. कमरेत घालायचा स्क्रू बहुधा साडेपाच ते साडेसात मिलिमीटर जाडीचा. आणि खांबाच्या आतल्या व खालच्या अंगाला खेटूनच नस गेलेली असते. म्हणजे चुकायला जागा किती, ते वाचकांनीच ताडावे.

पहिले अवजार टोकदार आरीसारखे. त्याने हाडाचे वरचे टणक कवच फोडायचे. दुसरे बोथट टोकाचे, किंचित वाकडे. ते हाताच्या दाबाने हळूहळू जाळीदार हाडातून पुढे सरकवायचे. वाट बरोबर असेल तर सारखा, खरखरीत विरोध जाणवतो. हात एकाएकी सैल पडला की समजायचे, भिंत फुटली. अधूनमधून क्ष-किरणाच्या सी-आर्म यंत्रावर दिशा पाहायची. आटे पाडायचे अवजार वेगळे, स्क्रू फिरवायचे वेगळे, सळी वाकवायचे वेगळे. शेवटची टोपी घट्ट करताना सगळा जोर हाडावर येऊ नये म्हणून स्क्रू धरून ठेवणारी आणखी एक मूठ असते.

काकांनी ट्रेमधली सर्वांत साधी वस्तू उचलली. एक लवचीक बारीक सळई, टोकाला मोहरीएवढा गोळा. "हे काय करतं?"

"चाचपतं," डॉक्टर म्हणाले. छिद्र पाडल्यावर ही सळई आत घालून चारही बाजूंच्या भिंती आणि तळ चाचपायचा. पाचही ठिकाणी हाड लागले पाहिजे. आटे पाडल्यावर पुन्हा चाचपायचे. मगच स्क्रू.

"स्क्रू कशाचा?" टायटॅनियमचा, पण शुद्ध नाही. साधारण नव्वद टक्के टायटॅनियम, सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम. "म्हणजे आमच्या बावीस कॅरेटच्या जवळपास!" काका खूश झाले. बावीस कॅरेटमध्ये सोने ९१.६ टक्के असते. धातू नुसता शुद्ध असून भागत नाही, तो टिकावा लागतो, हे सोनाराला कोणी शिकवायला नको.

मग डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. स्क्रू आणि सळ्या हा तात्पुरता आधार असतो. दोन मणके खरे जोडायचे असतात ते हाडानेच. दाब काढताना जे हाड निघते तेच साफ करून, बारीक करून तिथे भरतात आणि सहा महिने ते वर्षभरात ते जुळून येते. ते जुळले नाही तर कितीही भारी स्क्रू आज ना उद्या सैल होतो किंवा तुटतो.

"कळलं," काका म्हणाले. "डाख द्यायच्या आधी आम्ही तुकडे तारेनं बांधतो, तसं. आणि निघालेलं हाड वापरता म्हणजे तुम्हीही झारेकरीच!" सराफ्यात दुकानापुढची धूळसुद्धा वाया जात नाही. झारेकरी ती धुऊन तिच्यातले सोने काढतात.

डॉक्टरांनी काकांच्या हाडांची घनता तपासून घेतली. ठिसूळ हाडात स्क्रूची पकड बसत नाही. आणि तंबाखू सोडण्याची अट घातली, कारण निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. निपाणीच्या तंबाखूवर गप्पा मारणाऱ्या आपल्या भागातल्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

स्क्रूचा इतिहास

हे सगळे एका दिवसात आलेले नाही. अमेरिकेत ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी आकडे आणि सळ्या वापरल्या, ती गोष्ट १९५० नंतरच्या दशकातली. पेडिकलमधून स्क्रू घालण्याचे काम पॅरिसमध्ये रॉय-कामिय यांनी १९६३ साली सुरू केले. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेत या स्क्रूंवरून हजारो दावे उभे राहिले. अखेर १९९८ साली तिथल्या औषध प्रशासनाने पुरावे तपासून ठरावीक आजारांसाठी त्यांचा वर्ग बदलला. म्हणजे या वस्तूचीही कसून चाचपणी झालेली आहे. आपल्याकडे मूळ गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मुंबईत मणक्याच्या शस्त्रक्रियेत मोठे नाव मिळवले. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच 'ताठ कणा' आहे.

पाचवी भिंत

ऑपरेशनला साडेतीन तास लागले. मावशी जपमाळ घेऊन बसली होती, मी एकच वर्तमानपत्र उलटसुलट वाचत होते. डॉक्टर बाहेर आले ते थकलेले पण समाधानी दिसले. त्यांनी मुलाला मोकळेपणाने सांगितले की, डाव्या बाजूच्या एका छिद्रात सळईला आतली भिंत लागली नाही. सी-आर्मवर दिशा ठीक दिसत होती, पण टोकाला हाड नव्हते. त्यांनी ती वाट सोडली, थोडी बाहेरची दिशा धरून नवी वाट केली, पुन्हा पाचही बाजू चाचपल्या आणि मगच स्क्रू घातला.

ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तो स्क्रू तसाच गेला असता तर तो नसेवर टेकला असता. संध्याकाळी काका शुद्धीवर आल्यावर मुलाने त्यांनाही हे सांगितले. मला वाटले, घाबरतील. ते हळूच म्हणाले, "चुकलं ते वेळेवर कळलं ना? कारागीर तोच."

सुश्रुतसंहितेत एकशे एक यंत्रे आणि वीस शस्त्रे सांगितली आहेत. पण सर्व यंत्रांत प्रधान यंत्र कोणते, तर हात, असे सुश्रुताने म्हटले आहे. आज मोठ्या शहरांत संगणकाने वाट दाखवणारी यंत्रे आणि रोबोट आले आहेत. त्यांनी नेम सुधारतो, हे खरे. पण यंत्र वापरायचे ते हाताने, आणि संशय आला की थांबायचे तेही हातानेच.

हा लेख कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला ऑपरेशन करा म्हणून सांगण्यासाठी नाही. बहुतेकांची कंबर व्यायामाने आणि वेळेने बरी होते. मात्र पायातली ताकद जाऊ लागली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर एक दिवसही दवडू नये. आणि स्क्रू घालायचा सल्ला मिळाला तर घरातल्यांनीही भिंती चाचपाव्यात. स्क्रू कशासाठी? नाही घातला तर काय होईल? किती मणके जोडणार? हाड किती घट्ट आहे? खर्च किती, आणि बसवलेल्या स्क्रूचे लेबल आम्हाला मिळेल का? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की सही करताना हात थरथरत नाही. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले.

काका दुसऱ्या दिवशी उभे राहिले. तीन महिन्यांनी एका रात्री त्यांचा फोन आला. मागे सराफ्याचा गलका ऐकू येत होता. घरापासून एकाही ओट्यावर न बसता ते भुट्ट्याच्या कीसापर्यंत पोहोचले होते. सासूबाईंनी माझ्या हातून फोन घेतला आणि मोठ्याने विचारले, "मोळे ह्यांग ऐत्री?"

काकांना कन्नडचा एक शब्द येत नाही. तरी ते म्हणाले, "एकदम घट्ट!"