तुळईचं गणित: समजुती आणि वस्तुस्थिती

जुना घुमट किंवा पूल पाहिला की आपण म्हणतो, ‘केवढी आकडेमोड केली असेल!’ युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या बाबतीत तरी हे खरं नाही. तिथे भूमिती होती, प्रमाणांचे ठोकताळे होते आणि पिढ्यांचा अनुभव होता. किती भाराने तुळई मोडेल, याचं गणित गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडलं, तेही नजरकैदेत असताना.

‘पण गॅलिलिओ तर चुकला होता!’ हे अर्धसत्य आहे. भिंतीत एक टोक रोवलेली तुळई आणि दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन, असा त्याचा प्रश्न होता. तुळई खालच्या कडेवर फिरून मोडते आणि सगळ्या छेदावर, म्हणजे मोडलेल्या आडव्या कापावर, सारखाच ताण असतो, असं त्याने धरलं. प्रत्यक्षात वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि मध्ये ताणही नसतो, दाबही नसतो. त्यामुळे चौकोनी छेदाच्या तुळईची ताकद त्याच्या हिशेबात तिप्पट आली. मात्र ताकद रुंदीच्या पटीत आणि उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे त्याने अचूक सांगितलं. १० बाय २० सेंटिमीटरचा वासा आडवा टाकण्याऐवजी उभा ठेवला, तर तो दुप्पट भार पेलतो. लाकूड तेवढंच! माझ्या मते हा शोध त्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

बरोबर उत्तर सापडलं की ते लगेच वापरात येतं, हाही गैरसमजच. फ्रान्सच्या पारँ यांनी १७१३ मध्ये छेदातल्या ताण-दाबाची योग्य मांडणी केली, पण तिच्याकडे कुणी फारसं लक्षच दिलं नाही. फ्रान्सच्याच कुलोंबने १७७३ मध्ये ती नव्याने मांडली.

बांधकामवाल्यांचाही गणितावर विश्वास नव्हता. रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाला तडे गेले, तेव्हा पोपने तीन गणितज्ञांना बोलावलं. त्यांनी घुमट बाहेर रेटला जाण्याचा जोर मोजला आणि लोखंडी कडी घालायला सांगितलं. ‘मायकेलअँजेलोने गणिताशिवाय घुमट रचला, मग दुरुस्तीला गणित कशाला?’ असा आक्षेप आला. तरी १७४३-४४ मध्ये पाच कडी बसलीच. त्या तिघांखेरीज गणितज्ञ पोलेनीने वजनं लावलेली साखळी टांगून घुमटाचा आकार तपासला आणि तोही कड्यांच्याच बाजूने राहिला.

आज अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवतात ते वाकणाचं सूत्र अभियंत्यांच्या हाती नीट आलं ते फ्रेंच अभियंता नाविएच्या १८२६ च्या व्याख्यानांतून, म्हणजे गॅलिलिओच्या ग्रंथानंतर १८८ वर्षांनी.