‘मीथिंक्स’ म्हणजे ‘मला वाटतं’

बोरिवलीच्या फलाटावर कोणी म्हणतं, ‘मला वाटतं, पुढची फास्ट आहे.’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. वाटणं आपण करत नाही, ते आपल्याला होतं. थंडी वाजते, भूक लागते, तसंच.

इंग्रजीतला ‘मीथिंक्स’ हा जुना शब्द अगदी याच घडणीचा आहे. त्यातला ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नव्हे, तर ‘मला’. आणि ‘थिंक्स’ म्हणजे विचार करणं नव्हे, तर वाटणं, भासणं. जुन्या इंग्रजीत विचार करणं आणि वाटणं यांसाठी दोन वेगळी क्रियापदं होती. उच्चार जवळचे असल्याने पुढे ती एकमेकांत मिसळली आणि ‘आय थिंक’ने दोन्हींचं काम घेतलं. मराठीने मात्र ‘मी विचार करतो’ आणि ‘मला वाटतं’ हा भेद नीट जपला आहे. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते.

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये हा शब्द भेटतो. आगरकरांनी १८८३मध्ये ‘विकारविलसित’ नावाने मराठीत आणलं ते हेच नाटक. ‘मीथिंक्स’चा भूतकाळ ‘मीथॉट’, म्हणजे ‘मला वाटलं’. आज हा शब्द जुना बाज आणण्यासाठी किंवा गमतीनेच वापरतात. नोकरीच्या अर्जात तो नको. ‘मीथिंक्स’च्या आधी ‘आय’ही लावू नये, कारण ‘मला’ त्यात आहेच.

मुलुंड-घाटकोपरच्या इंग्रजी शाळांतल्या शिक्षकांनी हा शब्द शिकवताना ‘मला वाटतं’ फळ्यावर शेजारी लिहावं. मुलांना तो लगेच कळेल.