रायपूरचा उन्हाळा आणि त्याची पंचांगे

रायपूर शहरातला उन्हाळा चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होतो आणि आषाढ शुद्ध द्वितीयेला जगन्नाथाचा रथ रस्त्यावर आला की लोकांच्या लेखी संपतो. मधले तीन महिने छत्तीसगडच्या या राजधानीत रणरणते असतात. मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जाणे नित्याचेच. तरीही सण, शोभायात्रा, लग्ने आणि शिबिरे यांची गर्दी याच महिन्यांत उसळते. ती दिसते मात्र सकाळी नऊच्या आधी आणि दिवेलागणीनंतर. दुपारी गोलबाजारात फिरणाऱ्या पाहुण्याला शहर ओस पडल्यासारखे वाटावे आणि रात्री आठला त्याच रस्त्यावर वरातीमुळे पाऊल टाकायला जागा मिळू नये, अशी ही तऱ्हा आहे.

या गर्दीची वेळ ऊन ठरवते आणि तारीख पंचांग. पण रायपूरमध्ये पंचांग एक नाही. छत्तीसगढी भाषकांबरोबर मराठी, ओडिया, सिंधी, गुजराती, मारवाडी, बंगाली आणि तेलुगू कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. छत्तीसगढी आणि बहुतेक हिंदी भाषक समाज महिना पौर्णिमेला संपवतात, तर मराठी व गुजराती घरांत तो अमावास्येला संपतो. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकच असल्यामुळे पाडवा, रामनवमी, अक्षय तृतीया आणि रथयात्रा सगळ्यांच्या एकाच दिवशी येतात. वद्य पक्षात मात्र महिन्याचे नाव बदलते. रायपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या चंपारण्यात वल्लभाचार्यांची जयंती साजरी होते. गुजराती भाविक तिला चैत्र वद्य एकादशी म्हणतात, स्थानिक लोक वैशाख कृष्ण एकादशी. दिवस तोच, गर्दीही तीच.

मराठी माणूस या शहरात कसा आला, हे थोडे मागे जाऊन पाहावे लागते. नागपूरच्या भोसल्यांचे सैन्य अठराव्या शतकाच्या मध्यावर छत्तीसगडात उतरले आणि 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून या प्रदेशाचा कारभार पाहू लागले. त्यांच्याबरोबर मोडी लिपी आणि मराठी कारकून आले. दसऱ्याला सोने लुटण्याची चाल छत्तीसगडात बिंबाजींनी आणली, असे इथे मानतात. 1818 नंतर प्रदेश इंग्रज अधीक्षकांच्या देखरेखीखाली गेला आणि राजधानी रतनपूरहून रायपूरला आली. 1854 मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. पुढे मध्य प्रांताचा कारभार नागपूरहून चालत असल्याने वकील, मास्तर, रेल्वेतले बाबू आणि दफ्तरातले कारकून सुमारे तीनशे किलोमीटर पूर्वेला येऊन स्थिरावत राहिले. 1956 मध्ये रायपूर मध्य प्रदेशात गेले, 1 नोव्हेंबर 2000 रोजी नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झाले; पण तात्यापारा हे जुन्या मराठी वस्तीचे नाव तेच राहिले.

या मराठी मंडळींनी बातमीसाठी मात्र फार लवकर हिंदी स्वीकारली. छत्तीसगडातील पहिले नियतकालिक मानले जाणारे ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक जानेवारी 1900 मध्ये पेंड्रा येथून निघाले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर त्याचे संपादक होते आणि वामन बळीराम लाखे प्रकाशक. तिघेही मराठी, मासिक पूर्णपणे हिंदी. सुरुवातीचे अंक रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात छापले गेले. मासिक तीन वर्षेच चालले, पण त्याने घातलेली वाट मोडली नाही. आजही रायपूरमधल्या मराठी कार्यक्रमाची बातमी हिंदी दैनिकाच्या शहर पानावर हिंदीतच येते, आणि तिच्यात ‘हल्दी-कुंकू’ व ‘पना’ असे शब्द सर्रास असतात. मराठी शुद्धतेच्या आग्रही माणसाला ते खटकेल. पण ज्या शहरात राहायचे त्या शहराला आपले घरचे कार्य कळवायचे, तर दुसरा उपाय नाही.

चैत्राचे पहिले दोन दिवस शहराला जागे करतात. प्रतिपदेला मराठी घरांवर गुढ्या उभ्या राहतात, त्याच दिवशी देवीच्या देवळांत चैत्र नवरात्र बसते, आणि दुसऱ्या दिवशी सिंधी समाजाचा चेटीचंड असतो. रायपूरमध्ये सिंधी वस्ती मोठी असल्यामुळे झुलेलालाची शोभायात्रा ही शहरभराची घटना होते. नवरात्रात पुरानी बस्तीतल्या महामाया मंदिरात भाविकांच्या नावाने ज्योतिकलश लावतात. वस्त्यांमध्ये आणि आसपासच्या गावांत टोपल्यांत गहू पेरून ‘जंवारा’ उगवतात. नऊ दिवस मांदरच्या तालावर देवीची जसगीते होतात आणि शेवटी बायका ते हिरवे कोंब डोक्यावर घेऊन तलावाकडे निघतात. घट आणि धान्य मराठी वाचकाला आश्विनातले ओळखीचे आहे. छत्तीसगडात ते चैत्रातही तितक्याच थाटाने होते.

रामनवमीला इथे एक वेगळे नाते जोडलेले आहे. कौसल्या ही दक्षिण कोसलची, म्हणजे या प्रदेशाची मुलगी मानली जाते. रायपूरजवळ चंदखुरीला तलावाच्या मध्यभागी तिचे देऊळ आहे. त्यामुळे राम अख्ख्या छत्तीसगडाचा भाचा ठरतो. म्हणून घरोघर मामा भाच्याच्या पाया पडतो, आणि भाचा वयाने केवढाही लहान असला तरी हा मान चुकत नाही. नवमीला दूधाधारी मठात मोठी रीघ लागते. या जुन्या मठाला भोसल्यांचा आश्रय होता, असे परंपरा सांगते. 14 एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका निघतात. विदर्भातून आलेली बौद्ध कुटुंबे त्यांत असतात, आणि शहरातली मराठी फक्त तात्यापाऱ्यापुरती नाही हे त्या दिवशी कळते.

मराठी समाजाचा चैत्र घरातल्या चैत्रगौरीभोवती फिरतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर हळदीकुंकवे चालतात. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि कलिंगड हा बेत उन्हाळ्याला साजेसा आहे. चाळीस अंशांच्या संध्याकाळी कैरीचे पन्हे हे आतिथ्यही असते आणि औषधही. अशा सार्वजनिक समारंभांचे शहरातले ठरलेले ठिकाण म्हणजे चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ. 1935 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने शाळा चालवली आहे आणि दिव्यांग मुलींसाठी निवासगृहही. शहर पसरत गेले तशी मंडळाने वस्तीवार महिला केंद्रे केली. हा निर्णय उन्हाळ्यात विशेष उपयोगी पडतो, कारण संध्याकाळच्या एका कार्यक्रमासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायला मे महिन्यात कोणी राजी नसते. शेजारच्या गल्लीत जायला सगळ्या तयार असतात.

अक्षय तृतीया, म्हणजे छत्तीसगढी ‘अक्ती’, हा या ऋतूचा खरा मध्यबिंदू. शेतकऱ्याचे वर्ष या दिवसापासून धरतात. गावात ठाकूरदेवाच्या पुढे प्रत्येक घरातून पानाच्या द्रोणात धान येते. बैगा, म्हणजे गावचा पुजारी, ते एकत्र करून पूजा करतो आणि पेरणीचा प्रतीकात्मक विधी होतो. त्यातले मूठभर धान प्रत्येकजण घरी नेऊन आपल्या बियाण्यात मिसळतो. गावातल्या सगळ्या शेतांत मग थोडे थोडे सगळ्यांचे बी पडते. शेतावर वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचा करार याच सुमारास संपतो आणि नवा ठरतो. खानदेशातल्या वाचकाला आखाजीचा सालदार इथे लगेच आठवेल. पितरांना पाणी देणे आणि नव्या माठातले पाणी पिणे हेही दोन्हीकडे सारखेच. 2022 मध्ये राज्य सरकारने या दिवसाला ‘माटी पूजन’ म्हणून सरकारी रूप दिले.

रायपूरच्या गल्ल्यांत मात्र अक्ती मुलांची असते. बाजारात मातीच्या बाहुला-बाहुलीच्या जोड्या विकायला येतात. त्यांना ‘पुतरा-पुतरी’ म्हणतात. मुले मांडव घालतात, बाहुल्यांना तेल-हळद लावतात, छिंदाच्या, म्हणजे शिंदीच्या, पानांची मुंडावळी बांधतात, वरात काढतात, आणि शेजारची वडीलधारी माणसे खऱ्या लग्नासारखा आहेर करतात. त्याला ‘टिकावन’ म्हणतात. आहेराची नोंदही ठेवली जाते, कारण पुढल्या वर्षी शेजारच्या बाहुलीला तेवढाच द्यायचा असतो. दोन पिढ्यांपूर्वी हा खेळ लग्नाच्या रीती शिकण्याची शाळाच होता. त्याची काळी बाजूही आहे. अक्ती बिनमुहूर्ताचा शुभ दिवस असल्यामुळे बालविवाहही याच दिवशी उरकले जात. म्हणून दर वर्षी महिला व बालविकास विभागाची पथके त्या दिवशी गावोगाव लक्ष ठेवून असतात आणि ‘लग्न थांबवले’ ही बातमी दुसऱ्या दिवशीच्या पानावर दिसते.

1 मे रोजी आणखी एक गंमत घडते. त्या दिवशी मराठी मंडळी महाराष्ट्र दिन साजरा करतात. 2022 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी याच दिवशी येणाऱ्या कामगार दिनी ‘बोरे-बासी’ खाण्याचे आवाहन केले. बोरे म्हणजे ताजा भात गार करून पाण्यात घातलेला, बासी म्हणजे रात्रभर भिजलेला. सोबत कांदा, हिरवी मिरची, आंब्याची चटणी, एखादी पालेभाजी. शेतमजुराची ही उन्हाळी न्याहारी. त्या वर्षी मंत्री, कलेक्टर आणि बडे अधिकारी बासीच्या थाळीसमोर बसून फोटो काढू लागले. छत्तीसगढी अस्मितेला त्याने बळ दिले, यात शंका नाही. मात्र जे अन्न अनेक घरांत दुसरे काही नसते म्हणून खाल्ले जाते, त्याचा समारंभ करण्यात एक अवघडलेपणही होता. पुढे सरकार बदलले तसा सरकारी थाट ओसरला. बासी मात्र पूर्वीसारखीच रोज सकाळी खाल्ली जाते.

मेच्या शेवटी ‘नवतपा’ येतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हापासूनचे, साधारण 25 मे ते 2 जूनचे हे नऊ दिवस. ते चांगले तापले तर पाऊस चांगला, असा शेतकऱ्यांचा विश्वास आहे आणि त्यात सरी आल्या तर लोक सुखावण्याऐवजी चिंता करतात. या दिवसांत मोठे कार्यक्रम जवळजवळ थांबतात. सामाजिक संस्थांच्या पाणपोया, इथल्या बोलीत ‘प्याऊ’, चौकाचौकांत भरलेल्या असतात आणि बुढा तलाव व तेलीबांधा तलावाच्या काठी रात्री उशिरापर्यंत माणसे हवा खात बसतात. मुलांची शिबिरे सकाळी लवकर आटोपतात. शाळांची सुट्टी एरवी 1 मे ते 15 जून असते, पण 2024 मध्ये उन्हामुळे ती 22 एप्रिललाच द्यावी लागली आणि जूनमध्येही लांबवावी लागली. सुट्टी अशी अलीकडे आली की शिबिरांचे वेळापत्रक आणि नागपूर-अमरावतीला जाणाऱ्यांची तिकिटे सगळीच कोलमडतात.

वडाच्या पूजेपाशी पंचांगांतला फरक डोळ्यांना दिसतो. छत्तीसगढी आणि हिंदी भाषक बायका वटसावित्रीचे व्रत अमावास्येला करतात, मराठी बायका ज्येष्ठ पौर्णिमेला. 2025 मध्ये पहिली पूजा 26 मेला झाली आणि दुसरी 10 जूनला. त्यामुळे एकाच कॉलनीतल्या एकाच वडाला पंधरवड्याच्या अंतराने दोनदा सूत गुंडाळले जाते. मध्ये अधिक महिना आला तर अंतर आणखी वाढते. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने अमावास्येची पूजा 16 मेला आणि पौर्णिमेची 29 जूनला, असा दीड महिन्याचा फरक पडतो. वडाच्या फांद्या तोडून विकणाऱ्यांना हे दोन हंगाम मिळतात, झाडाला अर्थातच दोन घाव.

याच ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास ओडिया परंपरेतल्या जगन्नाथाची स्नानयात्रा असते. भर उन्हाळ्यात घड्यांनी आंघोळ घातल्यावर देवाला ताप येतो, दार बंद होते आणि पंधरा दिवस त्याला काढा दिला जातो. बरा झालेला देव आषाढ शुद्ध द्वितीयेला रथात बसतो. छत्तीसगढीत या दिवसाला ‘रजुतिया’ म्हणतात. ओडिशाची सीमा जवळ असल्याने पुरीची चाल इथे फार जुनी आहे. पुरानी बस्तीतल्या टुरी हटरीचे जगन्नाथ मंदिर शहराच्या जुन्या देवळांपैकी एक. गायत्रीनगरच्या मंदिरात पुरीच्या राजाप्रमाणे ‘छेरा पहरा’ होतो, म्हणजे रथापुढची वाट सोन्याच्या झाडूने झाडली जाते. हा मान राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांकडे असतो.

रथाचा प्रसाद असतो ‘गजामूंग’, म्हणजे मोड आलेले मूग. तो एकमेकांना भरवून दोन माणसे जन्माची मैत्री जोडतात, तिला ‘मितान बदणे’ म्हणतात. चैत्रातल्या जंवाऱ्याच्या साक्षीनेही अशीच मैत्री होते. मैत्रीला ज्या वस्तूने सुरुवात झाली तेच नाव मग दोघे एकमेकांना देतात. एकदा गजामूंग झाले की खऱ्या नावाने हाक मारायची नाही. मितानचे आईवडील हे आपले फूलबाबू आणि फूलदाई होतात, त्यांच्या घरच्या लग्नाला आणि सुतकाला नातलगासारखे उभे राहायचे असते. जात वेगळी असली तरी हे नाते चालते. रायपूरमधल्या जुन्या मराठी घरांतही अशा छत्तीसगढी मितानांची आठवण निघते. रजुतियाच्या सुमाराला पाऊस पडलेला असतो, धानाच्या पेरण्या सुरू झालेल्या असतात आणि शाळांमध्ये प्रवेशोत्सवाचे टिळे लागून वर्ग भरू लागलेले असतात.